वजनाचा काटा आणि संसार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



ह्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि परप्रांतातील मराठी माणूस ह्या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकली आहेत. मी मुद्दाम असा विषय घेतला आहे की ज्याचा विचार घरोघर मनातल्या मनात चालतो, पण चारचौघांत ज्याचा उल्लेख फक्त थट्टेने होतो. लठ्ठपणा, त्यावर हल्ली होणारी शस्त्रक्रिया आणि पतिपत्नींमधील परस्परांची ओढ, असा हा तिपेडी विषय आहे. मी वैद्य नाही. कलाशाखेचा पदवीधर असून उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तेव्हा कोणी काय करावे हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. फायलीवर आधी वस्तुस्थिती मांडावी, मग नियम सांगावा आणि शेवटी नम्रपणे अभिप्राय द्यावा, ही जी आम्हां लोकांची रीत, तीच मी येथे पाळणार आहे.

आपल्या जयपूरपासूनच आरंभ करू. पाहुणे आले की आपण त्यांना सिटी पॅलेस दाखवावयास नेतो. तेथील संग्रहालयात सवाई माधोसिंह पहिले ह्यांची वस्त्रे ठेवलेली आहेत. १७५० सालच्या अखेरीस मल्हारराव होळकरांच्या पाठबळाने गादीवर आलेले हेच ते माधोसिंह. त्या अंगरख्याचा घेर पाहून पाहुणे थक्क होतात. महाराजांचे वजन अडीचशे किलो होते असे तेथील वाटाडे सांगतात. आकड्याची खातरजमा कोणी केलेली नाही. पण अंगरखा समोर असल्यामुळे शंकाही कोणी घेत नाही. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. राजाचा हा देह सर्वांना ऐश्वर्याचे लक्षण वाटतो. त्याच दालनात एखादी स्थूल गृहिणी धापा टाकीत शिरली, तर त्याच पाहुण्यांपैकी कोणीतरी कोपराने खुणावून हसतो. देहाच्या आकाराविषयीचे आपले मत तो देह कोणाचा आहे ह्यावर किती अवलंबून असते, ते ह्यावरून कळावे. पुरुषाचे पोट सुटले तर तो सुखवस्तू दिसू लागतो आणि स्त्री अंगाने भरली तर तिने स्वतःकडे लक्ष दिले नाही असे आपण म्हणतो.

हा विषय आजचा, पाश्चात्त्यांकडून आलेला, असा कोणाचा समज असेल तर तो बरोबर नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच ‘अष्टौनिन्दितीय’ असे आहे. लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या देहांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन देह तेथे वेगळे काढून त्यांची चिकित्सा सांगितली आहे. अतिस्थूलाचे दोषही आठ मोजले आहेत : आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, समागमात कष्ट होणे, दुर्बलता, दुर्गंधी, घामाचा त्रास, अतिशय भूक आणि अतिशय तहान. ह्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जे आहे ते आपण आज वैद्यासमोरही उच्चारावयास धजत नाही. चरकाचार्यांनी ते संकोच न करता, आणि विशेष म्हणजे कुचेष्टा न करता, लिहून ठेवले. आपल्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून दांपत्यजीवनाविषयी मोकळेपणाने लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. त्या मानाने आज माझ्यावर ओढवण्यासारखे संकट म्हणजे फार तर पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांची नाराजी.

आता वस्तुस्थिती पाहू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, म्हणतात. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर निर्देशांक बरोबर २५ येतो. युरोपीय लोकांच्या बाबतीत २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ साली एकमताने हे आकडे खाली आणले. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, तसेच पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपर्यंत असावी, असे ठरले. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ हीच मर्यादा धरली, तर देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष तिच्या पलीकडे निघाले. म्हणजे हे दुखणे केवळ स्त्रियांचे नव्हे. दोहोंचा वाटा जवळजवळ सारखाच आहे.

आपल्यासाठी मर्यादा खाली का आणली, ह्याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार, असा हा भारतीय देह आहे. मातेच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाशी त्याचे नाते आहे, हे पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून पुढे आले. तात्पर्य, ‘जाड तो खादाड आणि आळशी’ हे आपले समीकरण शास्त्राला मान्य नाही. आनुवंशिकता, थायरॉइडचे विकार, बाळंतपणे, रजोनिवृत्ती, स्टेरॉइड आणि काही मानसिक विकारांवरील औषधे ही सारी कारणे माणसाच्या इच्छाशक्तीच्या बाहेरची आहेत. अर्थात प्याजकचोरी, घेवर आणि दाल-बाटी-चुरमा ह्यांना मी निर्दोष ठरवीत नाही. साजूक तूप हातचे राखून वाढणे हा ह्या भूमीत अपमान समजला जातो, आणि आपण मराठी माणसांनी हा एक राजस्थानी संस्कार फार लवकर आत्मसात केला आहे.

आता संसाराकडे वळू. लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी पतीला पत्नीविषयी किंवा पत्नीला पतीविषयी पूर्वीची ओढ वाटेनाशी होते आणि मधल्या काळात तीस किलो वाढलेले असतात. तेव्हा दोन गोष्टींचा संबंध जोडणे सोपे असते. असे वाटणे हा गुन्हा नव्हे. मन आज्ञेने चालत नाही. परंतु जोडलेला संबंध खरा आहे की नाही हे तपासले पाहिजे. वजनाबरोबर इतर अनेक गोष्टी येतात. घोरणे वाढते आणि त्यातून अंथरुणे वेगळी होतात. झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे दिवसभर ग्लानी राहते. मधुमेहाने आणि रक्तदाबाने शरीर साथ देईनासे होते. पुरुषांत चरबीमुळे पौरुषाचे संप्रेरक घटते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वतःच्या देहाची लाज. आरसा टाळणारी व्यक्ती हळूहळू जोडीदाराची नजरही टाळू लागते. जोडीदाराला वाटते की हिला किंवा ह्याला माझी गरज उरली नाही. दोघेही एकमेकांच्या मौनाचा अर्थ लावीत बसतात आणि दोघांचाही अर्थ चुकतो.

माझ्या परिचयातील एक दांपत्य आहे. दोघांच्या अनुमतीने, नाव-गाव वगळून, त्यांची हकीकत सांगतो. दोन बाळंतपणे आणि पुढे थायरॉइड ह्यांमुळे बाईंचे वजन १०४ किलोंवर गेले. यजमान सज्जन, एकही वावगा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही. मात्र तिच्या घोरण्याचे निमित्त करून त्यांनी आपले अंथरूण बैठकीच्या खोलीत नेले. बाईंनी ह्या गोष्टीचा जो अर्थ घ्यावयाचा तो घेतला आणि आठ वर्षे त्यावर शब्द काढला नाही. मग एका डॉक्टरांनी झोपेची तपासणी करविली, तेव्हा घोरणे हे आजाराचे लक्षण ठरले. मधुमेह होताच. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात तीस किलोंवर वजन उतरले. कथा येथे संपावयास हवी होती. पण खरी कथा येथून सुरू झाली. बाई नव्या साड्या घेऊ लागल्या, मैत्रिणींबरोबर सकाळी फिरावयास जाऊ लागल्या, आणि यजमान विचारू लागले, “कुठे गेली होतीस? कोण कोण होते?” एके दिवशी बाई म्हणाल्या, “मी जाड होते तेव्हा कुठे जाते हे तुम्ही कधी विचारले नाहीत. आज विचारता, ते माझ्या काळजीने की स्वतःच्या?” यजमानांना उत्तर सुचले नाही. त्यांनी मला सांगितले की, त्या दिवशी त्यांना प्रथमच कळले की बायकोच्या वजनाने आपण आठ वर्षे निर्धास्त होतो.

ही एकट्याची गोष्ट नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या सुमारे दोन हजार लोकांची आणि तितक्याच इतरांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यातील माहितीवरून २०१८ साली असे दिसून आले की, शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींचे विवाह किंवा नवे संबंध जुळण्याचे प्रमाण वाढते, आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांत विभक्त होण्याचेही प्रमाण वाढते. स्वीडनची कुटुंबव्यवस्था आणि आपली ह्यांत अंतर आहे. ते आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यातून एक बोध घेता येतो. शस्त्रक्रिया पोटावर होते आणि परिणाम घरातील तोलावर होतो. ज्या संसारात आधी मोकळेपणा होता तो पुष्कळदा अधिक फुलतो. ज्या संसारात वजनाच्या आड दुसरेच काही दडलेले होते, तेथे आड उरत नाही.

ही शस्त्रक्रिया आहे तरी काय, तेही थोडक्यात पाहू. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनी जठराचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट देण्याची पद्धत आरंभिली. आज दुर्बिणीतून, लहान छिद्रे पाडून, मुख्यतः दोन प्रकार केले जातात. एकात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्यासारखी एक नळी ठेवतात. तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात, तो ‘बायपास’. दोहोंतही केवळ जागा कमी होते असे नव्हे, तर भुकेची संप्रेरकेही बदलतात. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या त्या काढून टाकलेल्या भागात तयार होते. आपल्या देशात हे उपचार आता मोठ्या शहरांत रुळले आहेत. नितीन गडकरी ह्यांनी २०११ साली मुंबईत आणि अरुण जेटली ह्यांनी २०१४ साली दिल्लीत ही शस्त्रक्रिया करून घेतली, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. त्यानंतर ह्या विषयावरील लाजेचा पडदा थोडा सरकला.

गुणदोष दोन्ही सांगितले पाहिजेत. स्वीडनच्याच अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे शंभर किलोंची व्यक्ती अडुसष्टावर येते आणि पुढे पंचाहत्तरावर राहते. थोडे वजन परतते, हे आधीच ठाऊक असावे. मधुमेह अनेकांच्या बाबतीत आटोक्यात येतो आणि मृत्यूचे प्रमाणही घटते. धोका म्हणावा, तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांच्या पाहणीत तीस दिवसांतील मृत्यू ०.३ टक्के होते. ते थोडे आहेत, पण शून्य नाहीत. जीवनसत्त्व ब-१२, लोह आणि चुना ह्यांची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. स्त्रीने एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो. सैल पडलेली कातडी लोंबते, आणि ज्यांनी केवळ रूपासाठी हा मार्ग धरला त्यांची त्या वेळी फार निराशा होते. काही जणांना मनाची उदासी घेरते, काही जण मद्याकडे वळतात. भूक जाते, पण ज्या दुःखापायी माणूस खात होता ते दुःख शस्त्राने कापले जात नाही. आता औषधांचाही मार्ग निघाला आहे. २०२५ सालच्या मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड, अशी आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने भारतात आली. ती थांबविली की बहुतेकांचे वजन पुन्हा चढते.

आता नियम. आम्हां सरकारी लोकांचा हा जिव्हाळ्याचा भाग. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिलेल्या निकषांनुसार निर्देशांक ४० असेल, किंवा ३५ असून गंभीर मधुमेह, हृदयविकार अथवा झोपेतील श्वासरोध यांसारखा विकार जडलेला असेल, वय अठरा पूर्ण असेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तरच खर्च ग्राह्य धरता येतो. मघाच्या १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी ३५ म्हणजे सुमारे ९० किलो. वैद्यकीय संघटनांनी २०२२ साली आपले निकष आणखी सैल केले असून आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार व्हावा असे म्हटले आहे. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कोणत्याही निकषात ‘पतीला आवडेनाशी झाली’ किंवा ‘मुलीचे लग्न जमत नाही’ असे कारण लिहिलेले नाही. तसेच १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची जी कारणे दिली आहेत त्यांत जोडीदाराचे वजन नाही. क्रूरता मात्र १९७६ पासून आहे. ह्या दोन गोष्टींचा एकत्र विचार थट्टेखोर नवऱ्यांनी अवश्य करावा.

संमतीविषयीही कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात सांगितले की, सज्ञान रुग्ण स्वतः संमती देण्यास समर्थ असताना तातडीचे कारण नसेल तर आईने दिलेली संमतीही पुरेशी होत नाही. देह ज्याचा, निर्णय त्याचा. लग्नाळू मुलीला धाकदपटशाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठविणारे आईबाप आणि ‘तू हे केलेस तरच’ असे पत्नीला सांगणारा पती हे दोघेही ह्या तत्त्वाचा भंग करतात. उलट, पत्नीला खरोखर शस्त्रक्रियेची गरज असताना ‘आहेस तशीच बरी’ म्हणून तिला अडविणाराही तोच भंग करतो, मग त्याच्या बोलण्यात कितीही प्रेम असो.

आता अभिप्राय. माझ्या अल्प मतीप्रमाणे शस्त्रक्रिया प्रकृतीसाठी करावी, प्रीतीसाठी करू नये. प्रकृती सुधारली म्हणजे प्रीतीची वाट पुष्कळदा आपोआप मोकळी होते, ह्यालाही आधार आहे. इटलीतील नेपल्सच्या डॉक्टरांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दांपत्यजीवनातील अक्षमतेने त्रस्त असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना आहार आणि व्यायाम ह्यांचे नीट मार्गदर्शन दिले, आणि उरलेल्यांना केवळ सामान्य माहिती. दोन वर्षांनी पहिल्या ५५ पैकी १७ जण पूर्ववत झाले आणि दुसऱ्या ५५ पैकी तिघेच. ह्यात शस्त्र नव्हते. होते ते फक्त चालणे आणि मोजके खाणे. पत्नीच्या वजनाविषयी तक्रार असलेल्या गृहस्थांनी आधी हा प्रयोग स्वतःवर करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी घरोघर पोचविलेला दोन वेळांच्या जेवणाचा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा परिपाठ अनेक सभासदांना ठाऊक आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच करावा. मला त्यातील चालण्याचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण चालणे जोडीने करता येते. रामनिवास बागेत किंवा सेंट्रल पार्कमध्ये सकाळी पाऊण तास शेजारी-शेजारी चालताना जे बोलणे होते ते घरात समोरासमोर बसून होत नाही. नजरेला नजर भिडवावी लागत नाही, म्हणून कठीण शब्दही सोपे होतात.

आणि ते शब्द बोलले पाहिजेत. ‘तू जाड झालीस’ हे बोलणे नव्हे. तो शेरा झाला. ‘तुझी झोप नीट होत नाही, मला काळजी वाटते, आपण दोघे तपासून घेऊ’ हे बोलणे. ‘मला तुझ्याजवळ यावेसे वाटते, पण तू दूर राहतेस असे भासते’ हेही बोलणे. ओढ कमी होण्याला किलो कारण असतील किंवा नसतीलही; उपहास मात्र हमखास कारण असतो. ज्याच्यासमोर आपण हास्यास्पद ठरतो त्याच्यापाशी कोणताही देह विसावत नाही, मग तो पन्नास किलोंचा असो की शंभर किलोंचा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या वधूवर मेळाव्याच्या अर्जात ‘बांधा’ असा एक रकाना आहे आणि त्यात मुलींचे पालक बहुधा ‘सडपातळ’ असे लिहितात. मुलांच्या अर्जात तो रकाना बहुतेक कोराच असतो. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने हा रकाना काढून टाकावा. त्याजागी, ठेवावयाचाच असेल तर, उभयतांसाठी वैद्यकीय तपासणीचा ऐच्छिक रकाना ठेवावा. ज्या संसाराची पहिली ओळखच मापाने होते, त्यात पुढे मापे बदलली की ओळखही डळमळते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले त्यांनी परक्या शहरात आपल्या माणसांना जसे आहेत तसे जवळ केले. कोण जाड, कोण बारीक, हे तेव्हा कोणी पाहिले नाही. त्यांच्या त्या पुण्याईला शोभेल एवढे तरी आपण करावे, अशी कार्यकारी मंडळास माझी प्रार्थना आहे.

बाहेर अल्पोपाहाराची व्यवस्था आहे असे चिटणीस खुणावीत आहेत, आणि बटाटेवड्याचा वासही येतो आहे. ह्या भाषणानंतर तो खावा की न खावा, हा निर्णय ज्याचा त्याचा.